दहा हिरडे

सीतारामनं लहानमोठ्या बऱ्याच चुका केल्या, पण सगळ्यांत मोठी करताना त्याला कागदावर एक शून्य काढण्यापलीकडे काही कष्ट पडले नाहीत.

चौऱ्याहत्तरचा उन्हाळा. लंगडेपण कुणाला किती जड जातं, हे पुण्याचे एक हाडांचे डॉक्टर मोजत होते. लोणावळ्यात दुसऱ्या खेपेला मॅट्रिक झालेला सीताराम त्यांच्यासाठी गावोगाव प्रश्न विचारत हिंडायचा. असाच पाय घेऊन दहा वर्षं जगायचं, की धड पायानं त्याहून कमी? किती वर्षं सोडाल? जो जास्त सोडेल त्याचं दुखणं मोठं. पहिल्या बारा जणांचं ऑपरेशन फुकट.

वलवणच्या वरच्या वाडीतली सावित्राबाई चार वर्षांपूर्वी हिरड्याच्या झाडावरून पडली होती. खुबा मोडला आणि वाकडाच सांधला. तेव्हापासून दुसऱ्यांनी आणलेले हिरडे ती अंगणात बसून वाळवायची, निवडायची. घरात तिशीचा मुलगा शिदू. समज तीन वर्षांच्या पोराची, आणि आईच्या हाताशिवाय घास घ्यायचा नाही.

सीतारामनं तिच्याच ढिगातले दहा हिरडे ओळीनं मांडले. "मावशी, एक हिरडा म्हणजे एक वर्ष."

"सुकल्यालीच घेतलीस व्हय रं? माज्यावानीच दिसत्यात."

"थट्टा नको. पाय बरा व्हायचा असेल तर यातली किती सोडाल?"

तिनं मांडी चाचपली आणि एकदम चार हिरडे बाजूला सारले. सीतारामला बरं वाटलं. चार म्हणजे नाव नक्की वर लागणार. तेवढ्यात आतून शिदू ओरडला, "आये, भूक!"

सावित्राबाईनं चारी हिरडे एकेक करून पुन्हा ओळीत ठेवले.

"ह्या चार वर्सांत त्येला कोन भरवील?"

"अहो मावशी, हे नुसतं विचारायचं असतं. खरं कोण नेतंय?"

"मग नुसतं तरी कशापायी देऊ? पाय माजा हाय, वर्सं त्येची हायती."

"पण पाय दुखतो ना?"

"लय. परसाकडं जायाचं तरी रांगत जाती."

रांगण्यासाठी कागदावर रकाना नव्हता. सीतारामनं शून्य लिहिलं. हिरडे पुढच्या घरी लागतील म्हणून पिशवीत टाकले. "उद्या आणून देतो."

"दे बाबा. मोजून न्हेलेत."

यादी लागली. शिरगावच्या हौशीरामनं गुडघ्यासाठी सात वर्षं सोडली होती, तो पहिला. सावित्राबाई शेवटची, नावापुढं शेरा, 'त्रास नाही'. सीतारामनं डॉक्टरांना गाठून रांगण्याचं सांगितलं.

"तिनंच सांगितलं आणि तुम्हीच लिहिलंत," ते म्हणाले.

दोन्ही खरं होतं.

तो वाडीवर सांगायला गेला. तिनं हातातला हिरडा निवडून टोपलीत टाकला.

"वर्सं तरी पुरी लिवलीस न्हवं?"

"दहाच्या दहा."

"मग ऱ्हाऊ दे."

पिशवीतले हिरडे काढायची त्याला त्या दिवशी लाज वाटली.

तिसऱ्या पावसाळ्यात परसाकडं रांगत जाताना ती उतारावरून घसरली आणि आठवड्यात गेली. सीताराम हिरडे खिशात घालून वाडीवर गेला. तिची जाऊ भामाबाई कालवलेला भात घेऊन शिदूसमोर बसली होती. शिदूचं तोंड घट्ट मिटलेलं.

"बगा दादा, तुमच्या हातनं घेतोय का."

सीतारामनं घास पुढं केला. शिदूनं आधी हाताकडं पाहिलं, मग त्या हाताच्या मागं, दाराकडं. आणि मान फिरवली.

घास ताटात ठेवून सीताराम उतरून आला. हिरडे अजून त्याच्याकडंच आहेत.