बोडिलच्या नळाचं पाणी

बोडिल म्योल्गोर ही गावातली लहान मुलं सांभाळायची. डेन्मार्कच्या जटलंडातल्या आमच्या गावात आया कामावर जाताना पोर तिच्या दारात सोडत आणि संध्याकाळी नेत. नवरा गेलेला, स्वतःचं मूल नाही. तिचा जीव त्या पोरांत होता.

आणि आमचा माज पाण्यात होता. जमिनीतून उपसायचं नि तसंच प्यायचं. क्लोरीन शहरवाल्यांनी घालावं! पाणीमंडळाचा अध्यक्ष आक्सेल. तपासणीचा नमुना दरवेळी त्याच्या बहिणीच्या स्वयंपाकघरातून घेतला जाई. तिचं घर पंपाला खेटून, त्यामुळे पाणी कधी नापास होत नसे, वर कॉफी-केक मिळे.

वार्षिक सभेत बोडिल उठली. "आमच्या टोकाला टेकडीवरच्या टाकीतून पाणी येतं, त्याला वास मारतोय. मुलं पोट धरून रडतात. एकदा माझ्या नळाचा नमुना घ्या."

"वास पाण्याला येतोय की तुझ्या घराला, बोडिल?" आक्सेल म्हणाला. सभा खो खो हसली.

"दोन्ही तपासा," ती म्हणाली आणि खाली बसली.

अखेर तिच्या नळाचा नमुना घ्यायला प्रयोगशाळेची बाई आली. नळाच्या तोंडाची जाळी काढली, बाहेरचा मळ बाटलीत जाऊ नये म्हणून तोंड ज्योतीने भाजलं, पाणी गार लागेपर्यंत वाहू दिलं, मग निर्जंतुक बाटली भरून बर्फाच्या पेटीत ठेवली. बोडिल हात पाठीमागे बांधून उभी होती.

पाण्यात विष्ठेतले जंतू निघाले. गावभर पाणी उकळून पिण्याचा हुकूम सुटला. आता, एका नळात जंतू सापडले म्हणून नळ दोषी ठरत नाही. टाकी, पंप, पाइप सगळं वेगवेगळं तपासायचं, तेव्हा कुठं कळतं. पण आक्सेलला तेवढा दम कुठला! दुकानात उभा राहून तो सांगत सुटला, "लंगोट बदलायचे आणि त्याच हातांनी नळ सोडायचा. दुसरं काय होणार?"

पाणी उकळून वैतागलेल्या गावाला ते लगेच पटलं. आया एकेक करून आल्या. "तुझ्यावर राग नाही हं, बोडिल, पण..." म्हणत प्रत्येकीने आपल्या पोराची पिशवी उचलली. आठवडाभरात घर रिकामं झालं.

दुसऱ्या तपासणीत खरं बाहेर आलं. टाकीचं झाकण फुटलं होतं आणि आत कबूतर कुजत होतं. आक्सेलने झाकण बदललं, तर एवढ्या तत्परतेबद्दल सभेने त्याला टाळ्या दिल्या. काही आठवडे पाण्यात क्लोरीन आलं, तेव्हा लोक तोंड वाकडं करून म्हणत, "ही बोडिलची कृपा!" चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि वर संन्याशालाच शिव्या. मला अजून चीड येते.

बोडिल मात्र भोळी. आता मुलं येतील म्हणून तिने छोट्या गाद्यांवर धुतलेल्या चादरी घातल्या, फाटक उघडं ठेवलं. कुणी आलं नाही. आयांना विचारलं की उत्तर ठरलेलं, "आता तो दुसऱ्या पाळणाघरात रुळलाय गं."

एकदा दुकानात व्हिलुम दिसला, आईच्या ट्रॉलीत बसलेला. बोडिलचं बोट धरूनच तो चालायला शिकला होता. बोडिल सगळं विसरली आणि तिने दोन्ही हात पुढे केले.

"नको," व्हिलुम मागे सरकला. "तू घाण आहेस. मम्मी म्हणते."

त्याची आई लाल झाली. पण 'असं बोलू नये' एवढंही ती म्हणाली नाही. ट्रॉली वळवून ती पाव घ्यायला गेली.