बिजलाच्या पाठीवरची माती

धुळ्यात पांझरेच्या काठाला सुपडू वस्तादांची तालीम होती. तालीम म्हणजे काय, तर पत्र्याचं छप्पर, मधोमध तांबड्या मातीचा हौदा, कोपऱ्यात मारुती आणि भिंतीत ठोकलेल्या सतरा लोखंडी खुंट्या. ज्याची त्याची खुंटी ठरलेली, तिच्यावर दुसऱ्याने लंगोट टांगायचा नाही. दाराजवळची पहिली खुंटी भटूची होती, आणि ती पहिली आहे याचा भटूला भलताच माज होता.

माज सोडला तर पोरगा वाईट नव्हता. बाप गिरणीत, आई लहानपणीच गेलेली, म्हणून तो वस्तादांच्याच घरी जेवून मोठा झाला. बाराव्या वर्षी वस्तादांनी हौद्यातली चिमूटभर माती उजव्या हाताने त्याच्या कपाळाला लावली, तेव्हापासून तो त्यांचा पठ्ठा. ही तिथली रीतच होती. नवा पोरगा असो नाहीतर दुखण्यातून उठलेला जुना गडी, वस्तादांच्या उजव्या हातची माती कपाळाला लागल्याशिवाय हौद्यात उतरायचं नाही. आणखी एक रीत होती, ती वस्ताद सगळ्यांत जास्त मानायचे. कुस्ती जिंकली की पडलेल्याला हात देऊन उठवायचं आणि त्याच्या पाठीची माती आपल्या हाताने झटकायची.

हे सगळं भटूला पाठ होतं. पाठ असून काय उपयोग?

सासष्ट सालच्या चैत्रात शिरपूरकडच्या एका यात्रेत कुस्त्या होत्या. भटूला जोड मिळाली ती सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावरच्या बिजला नावाच्या पोराची. काटकुळा, अनवाणी, लंगोट बायकोचं जुनं लुगडं फाडून शिवलेला. त्याला डाव म्हणून एक येत नव्हता. भटूने त्याच्याकडे पाहून मिशीला पीळ दिला आणि लोक हसले. पण कुस्ती लागली तशी हसण्याची दिशा बदलली. डोंगर चढून-उतरून तयार झालेले ते पाय जमिनीवरून हलेनात. पाव तास झाला, वीस मिनिटं झाली. धुळ्याचा नावाजलेला पैलवान रानातल्या पोरापुढे धापा टाकतोय म्हटल्यावर गर्दीला चेव आला, आणि भटूच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

शेवटी बिजला दमला आणि ढाक डाव लागून चीत झाला. इथे भटूने हात द्यायचा होता. त्याने बिजलाच्या छातीवर पाय ठेवला, मूठभर माती त्याच्या तोंडावर फेकली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "जाय, मव्ह येच."

मोहाची फुलं वेचून पोट भरणाऱ्याला 'जा, मोह वेच' म्हणणं म्हणजे काही शिवी नव्हे. पण ते ज्या तोंडाने म्हटलं, ते बिजलाला समजलं आणि कडेला उभ्या वस्तादांनाही. बिजला उठला, तोंड पुसलं आणि पाठीवरची माती तशीच घेऊन गर्दीतून निघून गेला.

 दुसऱ्या दिवशी पहाटे तालमीत त्यांनी पहिल्या खुंटीवरचा लंगोट काढला, घडी केली आणि भटूच्या हातात दिला.

"त्यानी पाठनी माती झटकीसन ये," ते म्हणाले. "तवपावत आठे पाय ठेवू नको."

धुळ्याहून शिरपूर एसटीने दीड-दोन तास. तिथून पुढे पायी समजा आणखी दोन तास. सकाळी निघाला असता तर दिवेलागणीला परत तालमीत आला असता. पण भटूने ठरवलं की वस्तादांचं डोकं फिरलंय, चार दिवसांत तेच निरोप धाडतील. निरोप काही आला नाही. मग हा तालेवार जळगावला निघून गेला.

जळगावला मेहरूणच्या अंगाला त्याने खोली घेतली, पुढे लग्न केलं, यावलकडे केळीच्या गाड्या भरायला जाऊ लागला. तिथल्या तालमी त्याने धुंडाळल्या. सगळीकडे पहिला प्रश्न एकच, पठ्ठा कोणाचा? सुपडू वस्तादांचा म्हणावं तर त्यांनी हाकललेलं, आणि कोणाचाच नाही म्हणावं तर दारातूनच वाट दाखवायचे. भटू लोकांना सांगे की वस्ताद माझ्यावर जळत होते, मीच तालीम सोडली. दहा वेळा सांगितल्यावर त्यातलं थोडं त्याला स्वतःलाही खरं वाटू लागलं. लंगोट मात्र त्याने ट्रंकेत तळाशी जपून ठेवला होता. अंग सुटत गेलं, एक गुडघा कुरकुरायला लागला. बायको कुंदाबाई कधी ट्रंक आवरायला बसली की तो उगाच बाहेर जाऊन उभा राही.

त्र्याहत्तरच्या चैत्रात तालमीतला जुना जोडीदार हिलाल बाजारात भेटला. त्याने सांगितलं की वस्तादांच्या अंगावरून वारं गेलंय, उजवी बाजू लुळी पडलीय, बोलणं नीट कळत नाही, आणि ते घरात न निजता तालमीतच खाट टाकून पडून असतात. भटू त्या रात्री जेवला नाही. कुंदाबाईने ट्रंक उघडली, लंगोट काढून पिशवीत घातला आणि पिशवी त्याच्या पुढ्यात ठेवली.

"वस्ताद तुमच्यावर जळत होते ना," ती म्हणाली, "मग हा कशाला जपला इतकी वर्षं?"

 सकाळी पहिल्या गाडीने तो शिरपूरला गेला.

पाडा सापडायला वेळ लागला नाही. दुष्काळाचं साल होतं, निम्मी घरं खडी फोडायच्या कामावर गेलेली. पण बिजला अंगणातच भेटला. तो आणि त्याची बायको रुपली मोहाची फुलं वाळत घालत होती. बिजलाने मान वर करून पाहिलं आणि लगेच ओळखलं. भटूने वाटेत चार वाक्यं जुळवून ठेवली होती, त्यातलं एकही त्याला आठवेना. मी तुझ्या पाठीची माती झटकायला आलोय, एवढंच कसंबसं तो बोलला.

बिजला हसला नाही, रागावलाही नाही. त्याने रुपलीला पाणी आणायला सांगितलं.

"तुना वस्ताद उनथा आठे," तो म्हणाला. "कुस्तीना तिसरा दिनले."

मग त्याने सगळं सांगितलं. वस्ताद एकटेच चालत आले होते. याच अंगणात बसून त्यांनी भाकर खाल्ली, बिजलापुढे हात जोडले आणि त्याला म्हणाले की माझा पोरगा उद्या-परवा येईल, माजोरी आहे पण येईल, आला की त्याला माघारी धाडू नकोस, झटकायला पाठ पुढे कर. बिजलाला खरं म्हणजे धुळ्याला येऊन त्यांच्याकडे शिकायचं होतं. तसं त्याने विचारलंही. वस्ताद म्हणाले, आधी त्याला येऊन जाऊ दे, मग तू त्याच्याबरोबरच ये, तुझी अठरावी खुंटी मी ठोकून ठेवतो.

"आठ दिन मी रानमा गऊ नही," बिजला म्हणाला. "वाट देखी तुनी."

ऐन मोहाच्या दिवसांत आठ दिवस घरी बसणं म्हणजे काय, हे समोर वाळत घातलेली फुलं पाहून भटूला कळलं. आपण एक दिवस वाचवायला गेलो आणि एका गड्याची सगळी कुस्तीच खाल्ली, हे त्याला तिथे पहिल्यांदा दिसलं. तू नंतर एकटा का नाही गेलास, असं त्याने विचारलं. बिजला म्हणाला की अशी पाठ घेऊन कसा जाणार होतो? मग त्याने सदरा काढला, अंगणातली फुलं हाताने बाजूला सारली आणि सरळ मातीत उताणा पडला. दोन्ही खांदे टेकवले. मग उठून भटूकडे पाठ करून बसला.

"झटक," तो म्हणाला.

भटूने झटकली. मानेपासून कमरेपर्यंत, सावकाश, एक कण राहू दिला नाही. मधेच त्याला रडू फुटलं. रुपली पाण्याचा तांब्या घेऊन दारातच थांबली होती. निघताना भटूने बिजलाला धुळ्याला चल म्हटलं. बिजलाने दाराआड खेळणाऱ्या दोन पोरींकडे पाहिलं आणि नाही म्हणून मान हलवली. आता माझे ते पाय राहिले नाहीत, म्हणाला.

तालमीत पोचला तेव्हा दिवस कलला होता. वस्ताद खाटेवर भिंतीला टेकून बसले होते. पहिली खुंटी रिकामी होती, आणि ओळीच्या शेवटी अठरावी खुंटी होती, तीही रिकामी. त्या खुंटीवर कधी काही टांगलंच गेलं नव्हतं. नुसता गंज चढला होता. भटू खाली बसला, झटकून आलो म्हणाला आणि दोन्ही तळवे पुढे केले. डोंगरातली माती घामाने रेषांत बसली होती. वस्तादांनी ते तळवे बराच वेळ पाहिले.

"भलता उशीर करा तू," ते अडखळत म्हणाले.

मग त्यांनी उजवा खांदा हलवला. हात मांडीवर होता तिथेच राहिला. त्यांनी पुन्हा हलवला, दात आवळले, तरी बोटं उचलेनात. डावा हात धडधाकट होता, पण तो त्यांनी पुढे केला नाही. ते भटूकडे बघत राहिले.

भटू उठला, हौद्यातली चिमूटभर माती आणली आणि त्यांच्या उजव्या हाताच्या बोटांत ठेवली. बोटांना ती धरता येईना, निम्मीअधिक खाटेवरच सांडली. त्याने आपल्या दोन्ही हातांनी तो हात उचलला आणि आपल्याच कपाळाला टेकवला. हात जड होता आणि थंड होता. सात वर्षांपूर्वी तो आपण होऊन उठला असता. आता खाली ठेवायचा म्हटलं तरी भटूच्याने तो खाली ठेववेना.