आधीच छापलेली बातमी

माझ्या बाळंतपणाला सासरे जर्मनीत, येनाला आले. माझी आई हयात नव्हती आणि सासूबाईंच्या गुडघ्यांना एवढा प्रवास झेपणारा नव्हता. मी आणि नवरा तिथे राहत होतो, मी पीएचडी करत होते. बाळंतपणाला सासरा येतोय म्हटल्यावर इन्स्टिट्यूटमधली मराठी पोरं महिनाभर खिदळत होती.

बाबांचा, म्हणजे सासऱ्यांचा, तालुक्याच्या गावी छापखाना होता. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, हँडबिलं छापायचे आणि दर गुरुवारी चार पानांचं साप्ताहिक काढायचे. बातम्या लिहिणारे, खिळे जुळवणारे, प्रुफं तपासणारे आणि मशीन चालवणारे सगळे तेच. घड्या घालून पत्ते चिकटवायला सासूबाई. चाळीस वर्षांत एकही अंक चुकला नाही, हे ते नव्या माणसाला पाचव्या मिनिटाला सांगत.

"मग आता तीन महिने काय करणार?" मी विचारलं.

"बारा अंक छापून आलोय. ही दर गुरुवारी एक गठ्ठा पोस्टात टाकेल."

"आणि बातम्या?"

"सूनबाई, आपल्या गावात जत्रा उत्साहात पार पडते, पाणीटंचाई तीव्र होते आणि स्मशानाच्या रस्त्याची मागणी होते. दरवर्षी. मी नुसत्या आधी लिहून ठेवल्या." मग जरा गंभीर होऊन म्हणाले, "निधनवार्ता मात्र नाही छापल्या हो. तेवढं कळतं मला."

मी पोट धरून हसले. तशी मजेत होतो आम्ही. सकाळी ते माझ्यासोबत नदीकाठी फिरत, घरी आल्यावर सासूबाईंनी दिलेला डिंकाचा लाडू समोर ठेवत, आणि शेजारच्या जर्मन म्हाताऱ्याच्या प्रत्येक वाक्याला "गेनाऊ", म्हणजे "अगदी बरोबर", म्हणत. त्या एका शब्दावर दोघांची दाट मैत्री झाली होती.

दिलेली तारीख उलटून दहा दिवस झाले. बुधवारी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता वाट बघायला नको, उद्या ॲडमिट व्हा, कळा आणू. काळजीचं काही नाही म्हणाल्या, पण बाळाचे ठोके मात्र दोनदा तपासले. घरी येऊन मी ते सांगितलं तेव्हा बाबांच्या हातातला चहा तसाच राहिला. जेवायलाही नको म्हणाले. शेवटी कबूल केलं, "उद्याच्या अंकात पहिल्या पानावर चौकट आहे. आमच्या घरी बाळ आलं, बाळ-बाळंतीण सुखरूप."

मला हसू आलं, पण त्यांचा चेहरा बघून ते जिरलं. त्यांनी टेलिफोन कार्ड काढलं आणि माझ्यासमोरच गावी फोन लावला. "उद्याचा अंक टाकू नकोस."

पलीकडून सासूबाई एवढ्या मोठ्याने बोलल्या की मलाही ऐकू आलं, "अहो, चाळीस वर्षांत पहिल्यांदा चुकेल!"

"चुकू दे," बाबा म्हणाले आणि फोन ठेवला. मला त्या क्षणी पहिल्यांदा भीती वाटली, आणि त्याहून जास्त त्यांच्याबद्दल माया वाटली.

गुरुवार नुसता कळांमध्ये गेला. शुक्रवारी दुपारी बाळाचे ठोके मंदावले आणि मला घाईने ऑपरेशनला नेलं. नवरा माझ्यासोबत आत, बाबा बाहेर बाकावर एकटे. भाषा येत नाही, त्यामुळे विचारणार कुणाला? मी शुद्धीवर आले तेव्हा मुलगी माझ्या कुशीत होती आणि पांढऱ्या गाऊनमध्ये बाबा उभे होते.

त्यांनी आधी नातीकडे पाहिलं. बोटं, कान, पापण्या, प्रूफ वाचावं तसं एकेक करून. मग माझ्याकडे वळले.

"सूनबाई, बरी आहेस ना? खरं सांग. छापलंय मी तसं."

टाके ओढत होते, पण मी म्हणाले, "टाका पोस्टात."

बाबा परत गेल्यावर काही आठवड्यांनी एक अंक येनाला आला. पहिल्या पानावर, त्याच जागी, तेवढीच चौकट होती: "नातीच्या जन्माचा अंक दोन दिवस उशिरा मिळाला. बातमीची खात्री करून घ्यायची होती. क्षमस्व."