साडूची गोळी

मला आणि माझ्या धाकट्या साडूला एकाच प्रकारचा रक्ताचा कर्करोग झाला. हळू चालणारा, रोज गोळी घेतली तर माणूस म्हातारा होऊनच मरतो, असं डॉक्टर म्हणाले. गोळ्या मात्र वेगळ्या निघाल्या. माझ्या गोळीनं रक्त ताळ्यावर आणलं आणि साखर, कोलेस्टेरॉल वर नेलं. साडूची गोळी जुनी. तो आधीपासून मधुमेही होता, तर त्याची साखर उतरली आणि वर रंगही उजळला. मेहुणी या उजळण्याला देवाची कृपा म्हणायची, मी साइड इफेक्ट. त्याची गोळी जेवणासोबत, माझी उपाशीपोटी.

मी डॉक्टरांकडे त्याची गोळी मागून पाहिली. ते म्हणाले, तुमचा रिपोर्ट उत्तम आहे, कशाला बदलायची? आणि साखरेची एक गोळी वाढवून दिली.

पाडव्याला मराठी मंडळानं जेवणाआधी साडूचा सत्कार ठेवला. मागे बॅनर होतं, 'कर्करोगविजेता'. असल्या शाल-श्रीफळांची मी आमच्या सेक्टर दोनच्या वसाहतीत आयुष्यभर टिंगल केली आहे. प्रमुख पाहुण्यांनी त्याच्या इच्छाशक्तीची तारीफ केली. गोळीचं नाव कुणी काढलं नाही. इच्छाशक्ती माझ्याकडेही होती. मला शाल नकोच होती. ती त्याला मिळू नये, एवढंच वाटत होतं.

पंगतीत तो माझ्या शेजारी बसला. श्रीखंड आलं तेव्हा समोरच्या रांगेतून बायकोनं नुसती मान हलवली आणि वाढप्या मला ओलांडून पुढे गेला. साडूनं दोनदा घेतलं, मग आणखी मागितलं.

"विजेत्यानं जरा दमानं घ्यावं," मी म्हटलं.

"खाऊ द्या, भाऊ," तो खालच्या आवाजात म्हणाला. "माझी गोळी आता काम करून नाही राहिली. येत्या सोमवारपासून डॉक्टर मले तुमचीच देऊन राहिले."

"मंग शाल काहून घेतली?"

"बॅनर छापून झालं होतं नं."

थोड्या वेळानं त्यानं विचारलं, साखर खूप वाढते का? वाढते, पण रक्त सुधारतं, असं मी सांगितलं. त्याचं रक्त सुधारावं असं मला मनापासून वाटलं. वाढप्या पुन्हा आला तेव्हा मीच त्याला साडूचं पान दाखवलं. साडूनं तेही चाटूनपुसून खाल्लं, आणि तेही मला बघवलं नाही.