काकींच्या लेकीचं कार्ड

हिंजवडीजवळ जांबे गावात आमच्या घराच्या खालच्या खोलीत माझं फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवस, बारसं, निवडीबद्दल अभिनंदन, दहाव्याची श्रद्धांजली, सगळ्याचं डिझाइन मी करते आणि छपाई बाहेरून करून आणते. पंधरा वर्षं हेच चाललंय. नवऱ्याला घातल्या नसतील इतक्या शिव्या मी एवढ्या वर्षांत लोकांच्या पेनड्राइव्हला घातल्या आहेत.

आमच्या गावात फोटो जपायचा म्हणजे तो माझ्याकडं आणून द्यायचा. कुणाचा चांगला फोटो मिळाला की मी तो कापून, मागचं काढून, नावानिशी ठेवायचे. मग तोच माणूस, तोच फेटा, तेच हसू. वाढदिवसाला तेच, निवडून आला तरी तेच, आणि गेला तरी तेच. खालची अक्षरं तेवढी बदलायची. लोक स्वतःकडं काही ठेवत नसत. फोन हरवला, फोटो गेले, तरी कुणाला घोर नाही. "तुज्याकडं हाय न्हवं? मग झालं!" म्हणायचे आणि चालू लागायचे. मला त्याचा भारी तोरा होता, खोटं कशाला बोलू. अख्ख्या गावाची तोंडं माझ्या कॉम्प्युटरात आहेत, असं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे.

त्या तोंडांबरोबर घाणही यायची. पेनड्राइव्ह लावावा तर आतल्या सगळ्या फोल्डरांवर तो मेला शॉर्टकटचा वाकडा बाण. क्लिक केलं की काही उघडायचं नाही, आणि तोवर माझ्या मशीनला लागण झालेली असायची. एकदा ऐन यात्रेच्या आठवड्यात मशीन इतकं रखडलं की एक फोटो उघडेपर्यंत माझी भाजी निवडून व्हायची. घाबरून मी नेटवर दिसेल ते फुकटचं अँटिव्हायरस उतरवून घेतलं. एक घेतलं, त्यावर दुसरं, आणि मग "तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे" असं लाल अक्षरांत बोंबलणारं तिसरं. मशीन आणखीच बसलं.

वरच्या खोलीत तेव्हा लातूरकडची एक मुलगी भाड्यानं राहायची. हिंजवडीत कंपनीत कॉम्प्युटरचंच काम करायची. एका रविवारी ती खाली येऊन माझ्या खुर्चीत बसली आणि तिनं कपाळाला हात लावला. "काकू, हे तिसरं अँटिव्हायरस नाहीये हो. हाच व्हायरस आहे. तुम्हाला भीती दाखवून आत आलाय." तिनं तिन्ही काढून टाकली. विंडोजबरोबर जे येतं तेच चालू ठेवा म्हणाली, फुकट आहे आणि तुमच्या कामाला पुरेसं आहे. दोन-दोन ठेवली तर ती आपसांतच भांडत बसतात. अपडेट आलं की तिथल्या तिथं करायचं, उद्यावर टाकायचं नाही. मग तिनं मला एक वेगळी डिस्क आणायला लावली, सगळ्या फोटोंची नक्कल ठेवायला. "आणि एवढं ऐकाच माझं," जाताना म्हणाली, "नक्कल झाली की या डिस्कची वायर काढून ती कपाटात ठेवायची. लावून ठेवलीत तर जे मशीनला होईल तेच हिलाही होईल."

महिनाभर मी वायर काढली. पण रोज कुणीतरी टपकायचं, पाच वर्षांपूर्वीचा फोटो मागायचं, आणि मशीन हलकं राहावं म्हणून जुने फोटो मी नुसते त्या डिस्कवरच ठेवले होते. कोण सारखं उठून कपाट उघडणार? वायर लागली ती लागलीच राहिली.

बाकी मात्र मी कडक झाले. पेनड्राइव्ह आला की आधी तपासणी, मग बाकीचं. लोक वैतागायचे. "अगं, दुकान हाय का दवाखाना?" विचारायचे. "दवाखानाच समजा," मी म्हणायचे, "तुमी रोग घेऊन येता म्हणून." माझ्यासमोर कुणी ब्र काढत नसे.

आमच्या मागच्या आळीत काकी राहतात. रक्ताचं नातं नाही, आळीचं आहे. त्यांची एकुलती लेक हिंजवडीत एका कंपनीत साफसफाईच्या कामाला जायची. तेवीस वर्षांची होती, लग्नाचं बघत होते. एका दिवाळीनंतर तिला ताप आला आणि पाचव्या दिवशी ती गेली. डेंगी म्हणाले. ती गेल्यावर चौथ्या दिवशी काकी दुकानात आल्या. मुठीत लेकीच्या फोनचं मेमरी कार्ड होतं. आजारपणात फोन हातातून पडून फुटला होता, दुरुस्तीवाल्यानं कार्ड तेवढं काढून दिलं होतं. "ह्यात हाय बघ ती," काकी म्हणाल्या.

कार्ड लावलं, तपासणी सुरू केली, तर लाल पट्टीवर लाल पट्टी. गाणी, गेम, काय काय कुठून कुठून उतरवलेलं. आणि माझी जीभ! लेक जाऊन चार दिवस झालेल्या बाईला मी म्हणाले, "काकी, लई घाण हाय ह्यात. पोरीनं काय काय भरून ठेवलंय. माझं मशीन बसलं असतं आत्ता." काकी खाली बघत राहिल्या. "तिला काय कळत हुतं बाई त्यातलं," एवढंच बोलल्या. ते आठवलं की आजही मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

फोटो पन्नास-साठ होते. अँटिव्हायरसनं घाण काढली, मी फोटो माझ्या मशीनवर घेतले, डिस्कवरही टाकले. त्यातला एक फार गोड होता. कंपनीच्या जिन्यात उभी, कुणाच्या तरी बोलण्यावर मोकळं हसतेय, ओढणी खांद्यावरून घसरलेली, पुढच्या दोन दातांत बारीक फट. तोच मी फ्लेक्सला घेतला. मग कार्ड पूर्ण फॉर्मॅट करून टाकलं, म्हणजे पुन्हा काही काढता येणार नाही असं पार कोरं. काही गरज नव्हती. घाण निघाली होती. पण मला चेव चढला होता, मुळापासून साफ करायचा. काकींना विचारलंसुद्धा नाही. "फोटो माझ्याकडं हायेत, तुमी काळजी करू नका," म्हणून कोरं कार्ड त्यांच्या हातावर ठेवलं. त्यांनी ते पदराच्या टोकाला गाठ मारून बांधलं. भिंतीवर फ्रेम लावायची ती वर्षश्राद्धाला, असं घरच्यांनी ठरवलं होतं. तोवर त्यांच्या गोठ्याच्या भिंतीवर फ्लेक्स होता.

पुढच्या गणपतीआधी बोर्डांची झुंबड उडाली. प्रत्येक मंडळाला नवीन अक्षरं हवीत, शेजारच्या मंडळासारखी नकोत. आता, डिझाइनचं सॉफ्टवेअर आमच्या धंद्यात विकत कोण घेतं? सगळे क्रॅक वापरतात, म्हणजे कुलूप फोडलेलं, चोरीचं. आमच्यातल्याच एकानं नवीन क्रॅकची लिंक पाठवली, शंभर मराठी फॉन्टांसकट. खाली नेहमीची सूचना होती, आधी अँटिव्हायरस बंद करा, नाहीतर ते क्रॅक खाऊन टाकेल. दरवेळी हेच लिहिलेलं असतं आणि दरवेळी आम्ही गुमान बंद करतो. त्या दिवशी अँटिव्हायरसनं मला दोनदा अडवलं. दोन्ही वेळा ती फाइल उचलून बाजूला टाकली. आणि मी काय केलं? त्याला शिवी घातली आणि बंद केलं. गावाला तपासणीची शिस्त लावणारी मी, स्वतःच्या हातानं दार उघडून दिलं.

फॉन्ट आले, छान होते. मी वर जाऊन जेवून आले. येऊन बघते तर सगळ्या फोटोंच्या नावांना कसलीशी शेपटी लागलेली, आणि एकही उघडेना. पडद्यावर इंग्रजीत चिठ्ठी होती की तुमच्या फाइलींना आम्ही कुलूप लावलंय, पैसे भरा, किल्ली देतो. मी डिस्क बघितली. तिथंही तेच.

वरची मुलगी संध्याकाळी कंपनीच्या कॅबमधून उतरली ती मी तिला तशीच दुकानात ओढली. तिनं पडद्याकडं नंतर बघितलं, आधी डिस्ककडं. वायर लागलेली होती. मग तिनं विचारलं तेव्हा मी क्रॅकचं सांगितलं. खोटं बोलून तिच्यापुढं टिकलं नसतं. "पैसे भरून किल्ली मिळेलच असं नाही, भरू नका," म्हणाली. दोन रविवार ती त्या मशीनशी खपली. ज्या कुलपांच्या किल्ल्या नेटवर फुकट मिळतात त्या सगळ्या तिनं लावून बघितल्या. आमचं कुलूप निराळं होतं.

गावाला मी सांगितलं, मशीन जळलं. लोक बोलले चार शब्द, मग नवीन फोटो काढून आले. जिवंत माणसांचं काय, पुन्हा उभं केलं की झालं. म्हाताऱ्यांचे फोटो कुणाच्या तरी लग्नाच्या अल्बमात सापडले. मला झोप लागत नव्हती ती काकींमुळं. कार्तिक जवळ येत होता.

आल्याच त्या. वर्षश्राद्धाला आठ दिवस होते. "फ्रेमचं बघू आता," म्हणाल्या आणि माझ्यासमोरच्या स्टुलावर बसल्या. "त्यो जिन्यातलाच घे. हसनारा."

मी सांगितलं. फोटो गेले, सगळे गेले. त्यांना आधी कळलंच नाही. "कुटं गेलं?" विचारत राहिल्या. मग म्हणाल्या, "कशानं?"

वरची मुलगी तेवढ्यात कामाला निघाली होती, पाठीला बॅग लावून दारात थांबली होती. मला खरं बोलायचं होतं. देवाशप्पथ बोलायचं होतं. पण तोंडातून निघालं ते असं, "व्हायरस आला, काकी. कुणाच्या तरी कार्डातनं आला असंल."

काकी हळूच म्हणाल्या, "माज्या पोरीच्या का गं? तवा तूच म्हनली हुतीस, लई घान हाय म्हून."

मुलीनं माझ्याकडं बघितलं. मी माऊस धरून कोऱ्या पडद्याकडं बघत बसले. नाही म्हणायला किती वेळ लागतो? तेवढाही वेळ मी काढला नाही. काकी उठून गेल्या. "काकू, सांगून टाका त्यांना," मुलगी म्हणाली. सांगते म्हटलं मी.

त्या आठ दिवसांत मी जे करता येईल ते केलं. काकींच्या लेकीबरोबर काम करणाऱ्या पोरींना गाठलं. एकीजवळ एक फोटो निघाला, त्यात दहाजणी होत्या आणि सगळ्यांच्या तोंडाला मास्क. आधार कार्डावर ती होती, पण बारा-तेरा वर्षांची. कंपनीचं ओळखपत्र परत जमा केलेलं, आणि तिथून कुणी दाद दिली नाही. फ्लेक्सची फाइल छपाईवाल्यानं कधीच पुसून टाकली होती. राहिला तो फ्लेक्स. मी गोठ्यावर गेले. दहाव्यानंतर लोक फ्लेक्स उतरवतात, सरपणावर झाकायला घेतात. काकींनी उतरू दिला नव्हता. दारात बसलं की समोर दिसावी म्हणून वर्षभर तिथंच, उन्हातान्हात ठेवला होता. फ्लेक्सचा लाल आणि पिवळा रंग आधी उडतो, निळा तेवढा राहतो. तिचं तोंड निळसर झालं होतं. डोळ्यांच्या जागी गडद ठिपके दिसत होते. दातांतली फट शोधली मी, बोट लावून शोधली. पांढऱ्यात पांढरं झालं होतं सगळं.

त्याचाच फोटो काढून आणला. वरच्या मुलीनं तो तिच्या मोबाईलमधल्या एआयला दिला, जुने फोटो नवे करून देतं म्हणून. दोन मिनिटांत एक गोरीपान पोरगी आली, दात ओळीनं, फट नाही. काकींना दाखवली. त्यांनी फोन दूर धरला, जवळ धरला. "ही कोन?" म्हणाल्या.

शेवटी निळीच छापली. डोळ्या-ओठांच्या रेषांना जेवढा काळेपणा आणता आला तेवढा आणला आणि चांगल्या कागदावर काढून फ्रेम केली. वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी सकाळी काकी न्यायला आल्या. दुकानात आम्ही दोघीच होतो. आता सांगायचं, असं मी ठरवून बसले होते, शब्दही जुळवले होते. काकींनी फ्रेम पदरानं पुसली, उजेडाकडं धरली. "ऱ्हाऊ दे अशीच," म्हणाल्या. "मला दिसतीया."

मग त्यांनी पदराची गाठ सोडली आणि ते कार्ड माझ्या टेबलावर ठेवलं. "हे मोडून टाक बाई. पुन्यांदा कुनाला लागाय नगं," म्हणाल्या. मी कार्ड उचललं. त्या उंबऱ्यापर्यंत गेल्या आणि वळल्या. हात जोडले होते त्यांनी, मला.

"तुजं एवढं नुसकान केलं माज्या पोरीनं. समद्या गावाचं केलं. ल्हान हुती, कळलं न्हाई तिला. तिला माफ कर. तिचा जीव घुटमळाय नगं हितं."

आणि मी म्हणाले, "केलं माफ, काकी."