हिरव्याची वाट पाहणारा ठिपका

“ही माणसं आमच्या गावची नाहीत,” मॅडम झोउ म्हणाल्या.

सिंगापुरात, पाया लेबारच्या आमच्या ऑफिसातली मीटिंग रूम. पडद्यावर चीनमधल्या एका शहराचा मुख्य चौक चालू होता. शहराचं नाव सांगत नाही, करारात तशी अट होती. मोटारी म्हणजे रंगीत चौकोन आणि माणसं म्हणजे काळे ठिपके. याला सिम्युलेशन म्हणतात. खऱ्या चौकात कुदळ मारण्याआधी तो कॉम्प्युटरवर बांधायचा, त्यात माणसं-गाड्या सोडायच्या आणि कुठे तुंबतंय ते पाहायचं. आमचे ठिपके लाल दिवा लागताच झेब्रा क्रॉसिंगच्या कडेला थांबत होते, हिरवा झाला की निघत होते. शाळेच्या सहलीला आल्यासारखे.

मॅडम झोउ त्या शहराच्या वाहतूक खात्यात इंजिनिअर. काम कुठवर आलंय ते पाहायला आल्या होत्या. इंग्रजी मोजकं बोलायच्या, पण मोघम बोलायच्या नाहीत.

गोची माझ्या लगेच लक्षात आली. ठिपक्यांचे स्वभाव आमच्या टीमने जुन्या सिंगापूरच्या प्रोजेक्टमधून जसेच्या तसे उचलले होते. सिंगापुरात वाहनं आपल्यासारखी डावीकडून चालतात, चीनमध्ये उजवीकडून. म्हणून चौक तेवढा आरशात धरल्यासारखा उलटा केला. माणसं मात्र सिंगापूरचीच राहिली.

मॅडम गेल्यावर माझे बॉस मिस्टर लिम म्हणाले, “तू जाऊन बघून ये. त्यांचे डायरेक्टर पुढच्या महिन्यात येतायत. त्यांना पण हेच दाखवलं तर प्रोजेक्ट गेला, लाह.” हे ‘लाह’ सिंगापूरकरांच्या वाक्याला सवयीने चिकटतं.

प्रोजेक्ट गेला म्हणजे मीही गेले. मला पुण्याहून आणलं होतं ते याच कामासाठी, आणि माझा एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे इथे नोकरी करायचा परवाना, त्याच सुमारास संपत होता. काम नसेल तर कंपनी तो कशाला वाढवून घेईल? मरीन परेडच्या फ्लॅटमध्ये आम्ही नुकताच मोठा फ्रीज घेतला होता. त्या संध्याकाळी त्याच्याकडे बघून मला रडू यायचं तेवढं बाकी होतं.

आठवडाभर मी त्या शहरात राहिले. विमानतळावरून येताना टॅक्सीवाल्याने हॉर्नवरचा हात काढला नाही, पण चिडलाही नाही. ‘मी येतोय’ एवढंच त्याला सांगायचं होतं. ही भाषा मला पुण्याहून येत होती. रस्ते मात्र अफाट रुंद. कडेला सायकलींची वेगळी लेन, तीत सायकलींच्या जोडीला बॅटरीवरच्या स्कूटर. त्यांचा आवाजच येत नाही. पाठीशी नुसता वारा लागतो आणि स्कूटर पुढे गेलेली असते. थंडीचे दिवस होते, म्हणून लोकांनी हॅण्डलला चक्क गोधड्या बांधल्या होत्या आणि हात-गुडघे आत खुपसून मंडळी कामाला निघाली होती. एका तीनचाकी सायकलवर सोफा लादलेला, आणि तो पडू नये म्हणून मालकीणबाई त्याच्यावर बसलेल्या. बस स्टॉपला लागताना कंडक्टर बाई खिडकीतून हात काढून पत्र्यावर थापा मारायच्या, की सायकलवाले बाजूला. मला हे इतकं आवडलं, की एक अख्खी दुपार मी कामाच्या नावाखाली नुसती बसमधून हिंडले.

बाकी दिवस चौकातल्या नूडल्सच्या दुकानात, माडीवरच्या खिडकीशी कॅमेरा लावून बसले. खाली एकच प्रकार पुन्हा पुन्हा होत होता. लाल दिवा असतो. एक माणूस येऊन थांबतो. दुसरा येतो, पिशव्या घेतलेली बाई येते, घोळका जमतो. पुरेसा जमला की कुणी काही न बोलता सगळे एकदम निघतात. दिवा लालच. पण एकट्यादुकट्याला न जुमानणाऱ्या गाड्या घोळक्यापुढे थांबतात. लक्ष्मी रोडवर मी आयुष्यभर हेच केलं होतं. तेव्हा त्याचा अभ्यास करायचे पैसे मिळत नव्हते, इतकंच.

“मला एकदा नियमाने जायचंय,” चौकात मला भेटायला आलेल्या मॅडम झोउंना मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे जरा दयेनेच पाहिलं. “चला.”

आम्ही हिरव्याची वाट पाहत राहिलो. तेवढ्यात दोन घोळके पलीकडे पोचलेसुद्धा. शेवटी हिरवा झाला, तर उजवीकडे वळणाऱ्या गाड्यांची रांग समोर. तिथे त्यांना लाल दिव्यातही वळायची मुभा आहे, त्यामुळे ती रांग तुटेचना. आमचा अर्धा हिरवा त्यांनी खाल्ला. रस्त्याच्या मध्यावर पोचलो आणि दिवा बदलला. पुढून बस, मागून बस, पायाखाली नुसता रंगवलेला पट्टा. मॅडम झोउंनी माझं कोपर घट्ट धरलं होतं.

“नियम पाळला की इथे असं होतं,” त्या म्हणाल्या.

तिथेच मला चौक कळला. लोक बेशिस्त नव्हते. हिरव्यात जाणारा मध्येच अडकतो आणि लालमध्ये घोळक्याने जाणारा सुखरूप पोचतो, हे त्यांना रोजच्या रोज दिसत होतं.

परत आल्यावर मी ठिपक्यांना घोळका करायला शिकवलं. उपायही मांडला. लाल दिव्याची वेळ कमी करायची, उजवीकडे वळणाऱ्यांना वेगळा सिग्नल द्यायचा, आणि रस्त्याच्या मधोमध माणसाला निवांत उभं राहायला एक उंचवटा बांधायचा. त्याला रिफ्यूज आयलंड म्हणतात. रस्ता दोन हप्त्यांत ओलांडता येतो.

लिमना ते पटेना. “फुटपाथच्या कडेने रेलिंग टाक, विषय संपला. डायरेक्टरसमोर त्यांचीच माणसं सिग्नल तोडताना दाखवणार? कॅनॉट, लाह, नाहीच जमणार. त्यांचं नाक कापल्यासारखं होईल.”

“आणि शहाणे ठिपके दाखवले तर मॅडम झोउ काय म्हणतील?”

लिमनी पेनाचं टोपण लावलं. “ओके, दाखव. पण मी मागच्या खुर्चीत बसणार.”

डायरेक्टर साहेब आले, सोबत मॅडम झोउ आणि आणखी काही अधिकारी. साहेब बुटके, गंभीर, कोटाची सगळी बटणं लावलेली. मी सिम्युलेशन सुरू केलं. ठिपके जमले आणि लालमध्ये बिनदिक्कत निघाले. माझ्या डोळ्यांसमोर तो फ्रीज आला.

साहेब उठून पडद्यापाशी गेले. रस्त्याच्या मध्यावर एकट्याच उभ्या असलेल्या ठिपक्यावर बोट ठेवून त्यांनी काहीतरी विचारलं.

“हा कोण, असं साहेब विचारतात,” मॅडम झोउ म्हणाल्या.

“हा हिरव्याची वाट पाहणारा,” मी म्हटलं. “असे फार थोडे आहेत. ते असेच अडकतात.”

साहेब बराच वेळ बोलले. त्यांची सगळी माणसं आधी दबकत आणि मग मोकळेपणाने हसायला लागली. मॅडम झोउंनाही हसू आवरेना. “साहेब म्हणतात, हा मी आहे. आमचं ऑफिस त्याच चौकात आहे. वाहतूक खात्याच्या डायरेक्टरला लालमध्ये कसं जाता येईल, लोक ओळखतात. म्हणून रोज सकाळी मी एकटाच तिथे उभा असतो आणि माझ्या हाताखालची माणसं माझ्याआधी ऑफिसात पोचतात.”

मग साहेबांनी बोट तिथेच ठेवून विचारलं, की उंचवटा नक्की इथेच येणार ना? मागच्या खुर्चीतले लिम तोवर पुढच्या खुर्चीत येऊन बसले होते.

दुपारी सगळ्यांना हॉकर सेंटरला, म्हणजे एका छपराखालच्या खाण्याच्या गाळ्यांवर, जेवायला नेलं. वाटेत सिग्नल लागला. रस्त्याच्या मध्ये उंचवटा, लाल दिवा थोडाच वेळ टिकणारा. चीनची ती सगळी मंडळी कुणी न सांगता थांबली. मी मात्र प्रोजेक्ट वाचल्याच्या आनंदात, तिकडे आठवडाभरात लागलेल्या सवयीने डावीकडे बघून पाऊल टाकलं. टॅक्सी अर्थातच उजवीकडून आली.

माझं कोपर कुणीतरी मागे ओढलं. डायरेक्टर साहेब होते. या खेपेला दुभाषा लागला नाही.

“रेड,” ते म्हणाले.

त्या चौकात उंचवटा झाला. माझा पास वाढला, फ्रीज घरातच राहिला. कोणत्या देशाची माणसं शिस्तीची असं अजून कुणी विचारलं, तर मी आधी एवढंच विचारते, की तिथला लाल दिवा किती वेळ असतो.