धुतलेला कोट

आक्का पिंजऱ्यामागं घाणीत गुडघे टेकून बसली होती आणि भावाचा लाल कोट सिंहिणीच्या मुतानं भिजलेल्या गवतात घोळवत होती. बाह्या घोळवल्या, पाठ घोळवली, कॉलर तर अशी रगडली की शिवणच उसवायची. मग कोट नाकाशी धरला. साबण. अजून साबणच. तिनं परत तो गवतात दाबला.

बाजूला भावजय तोंडावर हात दाबून उभी होती. नुकतंच लग्न होऊन सर्कशीत आलेली, त्यात दिवस गेलेले. बाहेरच्या घरातली पोर. आपला नवरा एवढ्या लोकांसमोर असला कळकट, रक्ताचे डाग पडलेला कोट घालून उभा राहतो याची तिला लाज वाटली. सकाळी तो घोड्यांकडे गेल्यावर तिनं कोट गरम पाण्यात भिजवला, चांगला बडवला आणि उन्हात वाळत घातला. वाटलं, नवरा खूश होईल.

त्या कोटाला कधी पाणी लागलं नव्हतं. फाटला की आक्का ठिगळ लावायची, बटण तुटलं की बटण, पण धुवायचा नाही म्हणजे नाही. जनावर माणसाला तोंडावरून नाही, वासावरून ओळखतं, हे सर्कशीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत. म्हणून तर भावजयीला कुणी सांगितलं नव्हतं. जे सगळ्यांना माहीत असतं ते कोण कुणाला सांगतं?

"वन्सं, मी आत्ताच जाऊन त्यांना सांगते," भावजय म्हणाली.

"तू काही सांगू नकोस. कुणालाच. जा, पड जरा. मी बघते."

बघते म्हणाली आणि परत कोट गवतात रगडायला लागली. भाऊ म्हणजे तिचा जीव. आई झुल्यावरून पडून गेली तेव्हा तो अंगावर पीत होता आणि आक्का परकर सावरत दोरीवर चालायला शिकत होती. दोरी सुटली ती सुटलीच. कडेवर पोर घेऊन दोरीवर कोण चालणार? तिला शिवणाच्या गाडीत बसवलं, कंपनीचं हातमशीन दिलं. तेव्हापासून तंबूची भोकं, जोकरांच्या विजारी, झुल्यावरच्या पोरींच्या टिकल्या, सगळं तिच्याच बोटांखालून जायचं. लग्नाचं वय मशीनवरच निघून गेलं. लवंगी जोकर म्हणायचा, आक्का नसती तर ही सर्कस गावोगाव नागडी फिरली असती. आक्का म्हणायची, तुला नागडा बघायला तिकीट कोण काढणार मेल्या, आणि त्याच्या ढुंगणावरचं ठिगळ जरा जास्तच टोचून लावायची.

भाऊ मोठा झाला तो सिंहांचा मास्तर झाला. छकुली नावाची सिंहीण त्यानं बाटलीनं दूध पाजून वाढवलेली, आईनं टाकलेलं पिल्लू. तिच्या जबड्यात हात घालून तो लोकांकडं बघून हसायचा. त्या एका खेळावर तंबू भरायचा. मालकही तेवढ्यासाठीच त्याचे लाड करायचा.

खेळाआधी भाऊ कोट न्यायला आला. आक्कानं खरं ते सांगून टाकलं, फक्त धुणारीचं नाव बदललं. म्हणाली, मीच धुतला, डोकं फिरलं होतं माझं. आता ती शिव्या खायला तयार होती. मशीन फेकून मारलं असतं तरी चाललं असतं.

भावानं कोट हुंगला. शिवी दिली नाही. बाहीला चिकटलेलं गवत झटकलं.

"आज नको जाऊस रे," आक्का म्हणाली. "पोट दुखतंय म्हण. ताप आलाय म्हण. मालकाला मी तोंड देते."

"नाही गेलो तर मालक उद्या पिंजऱ्याशी येऊन शंभर प्रश्न विचारेल."

"विचारू दे की."

"नको," भाऊ म्हणाला आणि त्यानं कोट अंगात घातला.

आक्का पडद्याच्या फटीला डोळा लावून उभी राहिली. गॅसबत्त्या फुरफुरत होत्या, बँड वाजत होता. छकुली स्टुलावर चढली, कड्यातून गेली, आडवी झाली. सगळं रोजच्यासारखं. मग भावानं जबडा उघडला, हात आत घातला, लोकांकडं वळला, आणि हसायच्या आधीच जबडा मिटला.

बँड लगेच आणखी मोठ्यानं वाजायला लागला. अपघात झाला की तसा नियमच होता. जोकर धावले, लवंगीनं कोलांट्या मारल्या. मागच्या बाकांवरची माणसं हसतसुद्धा होती. हात कोपराच्या वर कापावा लागला.

दुसऱ्या दिवशी मालकानं सगळ्यांना तंबूत उभं केलं. उन्हात वाळत घातलेला कोट लोकांनी पाहिला होता, त्यामुळं तो धुतल्याची बातमी गावभर झाली होती. कोट कुणी धुतला एवढंच त्यानं विचारलं. भावजय पुढं सरकली तशी आक्कानं तिला दंडाला धरून मागं ओढलं.

"मी धुतला."

लवंगी मध्ये पडला. म्हणाला, मालक, जिनं आजवर एक बटण चुकीचं लावलं नाही ती असं करेल का? मालकानं त्याचं ऐकलं नाही. तो खाटेसकट तंबूत आणलेल्या भावाकडं वळला. हीच का? भावानं डोळे मिटले, होकाराची मान हलवली आणि तंबूच्या कापडाकडं तोंड केलं.

मग निकाल झाला. जनावराचा दोष नाही, वास गेला म्हणून बिथरलं. छकुली राहील. मास्तर एका हातानं चाबूक धरेल, बायको राहील. आक्का जाईल. मशीन कंपनीचं, ते इथंच राहील. सर्कशीची गाडी हलली तेव्हा आक्का अंगावरच्या कपड्यांनिशी स्टेशनवर उरली. भावजय डब्याच्या दारात रडत होती. भाऊ आत झोपला होता, असं ती म्हणाली.

आक्का पुढं एका इस्पितळात चादरी शिवायला लागली. कडक माणूस, कुणाला जवळ येऊ द्यायची नाही. पण सर्कशीला कुणी वाईट बोललं तर अंगावर धावून जायची. भाऊ कधी आला नाही. ती म्हणायची, एका हाताच्या माणसाला प्रवास कसा झेपायचा. आणि म्हणायची, माझ्याच घरच्या हातानं साबण लागला त्या कोटाला, मग शिक्षा दुसऱ्या कुणाला व्हायची? शेवटच्या आजारातही तेच.

ती गेल्यानंतर कितीतरी वर्षांनी इस्पितळातल्या लोकांना सर्कशीच्या जनावरांना मांस तोडून देणारा म्हातारा खाटीक भेटला. तो म्हणाला, कोटाचं काय घेऊन बसलात. छकुलीचा सुळा मुळापासून कुजला होता. जबड्याला बोट लागलं तरी कळवळायची. भाऊ रोज लपून येऊन सांगायचा, हाड देऊ नकोस, मांस खिमा करून दे. मालकाला कळलं असतं तर त्यानं तिला त्याच दिवशी गोळी घातली असती. म्हणून भावानं खाटकाला शपथ घातली होती, कुणाला सांगायचं नाही. शपथ आक्काच्या गळ्याची होती.